सायकल जड चालते? घड्याळ लावून पाहा

भिवंडी, मालेगावात कापडाचे तागे आणि सुताचे गठ्ठे सायकलवर नेण्याची रीत जुनी आहे. सायकल जड चालू लागली की शेठ म्हणतो माणूस कामचुकार झाला, माणूस म्हणतो टायर बदला, आणि मिस्त्री नवे छरे टाकून पैसे घेतो. आम्ही कापडवाले लोक मालाचा मीटर-मीटर मोजून घेतो. हे मात्र अंदाजावर सोडतो.

मोजणे अवघड नाही. वेगाचा आकडा दाखवणारे छोटे मीटर सायकलला बसवावे. शंभर मीटर सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरपर्यंत वेग घेऊन पाय थांबवावेत. आकडा १२ वर उतरला की घड्याळ सुरू, ६ वर आला की बंद. ब्रेकला हात लावायचा नाही.

आता हिशेब. माणूस, सायकल आणि माल मिळून १०० किलो आणि वेळ १६ सेकंद धरू. (चाकही फिरत असते, म्हणून रिम-टायरचे वजन दोनदा मोजावे.) १२ वरून ६ म्हणजे सेकंदाला १.६७ मीटर इतका वेग घटला. त्याला १०० ने गुणावे, १६ ने भागावे, पुन्हा ९.८ ने भागावे. साधारण १ किलो ६० ग्रॅम येतात. एवढे ओझे जणू कोणी सतत मागे ओढत आहे. तीच सायकल १२ सेकंदांतच मंदावली तर आकडा १ किलो ४२० ग्रॅम होतो. वरचे ३६० ग्रॅम त्या गरीब माणसाच्या पायांतून जातात, शेठच्या नाही.

पण गफलत इथेच होते. हजार मीटरला एक मीटर उतार डोळ्यांना दिसत नाही, तरी १०० किलोवर तो १०० ग्रॅमचा फरक पाडतो. म्हणून त्याच जागी जाऊन-येऊन मोजावे आणि दोन्ही ओढींची सरासरी घ्यावी. वाऱ्याचे तसे नाही. त्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. सायकल १० आणि वारा ४ असेल तर समोरून १४ चा वर्ग १९६, मागून ६ चा वर्ग ३६. सरासरी ११६, वारा नसता तर १००. जाऊन-येऊनही हिशेब चुकतोच. तेव्हा पहाटे, झाडाचे पान हलत नसताना मोजावे.

माणूस तोच, बसण्याची ढब तीच, गठ्ठा तसाच बांधलेला हवा. पाच-सहा फेऱ्या कराव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी हवा भरावी, कारण त्याला खर्च नाही. मग ब्रेकचे रबर रिमला घासते का ते पाहावे, चाकाचा आउट काढावा. छरे-ग्रीसची पाळी त्यानंतर. चांगल्या छऱ्यांचा अडथळा टायरच्या मानाने फारच थोडा असतो.

पाय थांबलेले असल्याने चेन आणि पायडलच्या दांड्याचा दोष या मोजणीत येत नाही. तो मिस्त्रीकडून वेगळा तपासून घ्यावा.