रूट रिफ्लेक्टर

रूट रिफ्लेक्टर म्हणजे एकाच स्वायत्त जाळ्यातील राउटरांना अंतर्गत बीजीपीचे मार्ग पुढे कळवणारा राउटर होय. सामान्यतः एका अंतर्गत शेजाऱ्याकडून आलेला मार्ग दुसऱ्याला कळवता येत नाही. त्यामुळे प्रत्येक राउटर इतर सर्वांशी जोडावा लागतो. १०० राउटरांसाठी अशा ४,९५० जोडण्या होतात. त्यावर १९९६ साली ही पद्धत मांडली गेली.

समजा, सांताक्रूझचा राउटर रिफ्लेक्टर असून अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथील राउटर त्याचे क्लायंट आहेत. मग १० ऐवजी ४ जोडण्या पुरतात. क्लायंटची नोंद केवळ रिफ्लेक्टरवर करावी लागते. मात्र तो बंद पडल्यास क्लायंटना एकमेकांचे मार्ग कळत नाहीत. म्हणून सहसा किमान दोन रिफ्लेक्टर ठेवतात.