दहा फुटांचा बाप्पा, चार इंचांची आजी

एक कोडं घालू? लालबागच्या नाक्यावर मंडळाला बाप्पाच्या फोटोचा दहा फूट रुंद बॅनर लावायचाय. आणि तुम्हाला आजीचा फोर बाय सिक्स फोटो छापून टीव्हीशेजारच्या फ्रेममध्ये ठेवायचाय. जास्त मोठी फाईल कुठल्या फोटोला लागेल?

'बाप्पाच्या!' असं ओरडलात ना? थांबा जरा.

आधी फोनमध्ये आजीचा फोटो उघडा आणि झूम करत सुटा. चष्म्याच्या काडीला पायऱ्या पडलेल्या दिसतील. मग उरतील नुसते रंगीत चौकोन. हे पिक्सेल. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत एका बाजूला ४०००, दुसऱ्या बाजूला ३०००, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख चौकोन असतात. गंमत अशी की फोनमधल्या फोटोला स्वतःची लांबी-रुंदी नसतेच. ना इंच, ना फूट. चौकोन तेवढे मोजून ठेवलेले. ते किती जागेत पसरायचे, हे छापताना ठरतं. २१ ठिपक्यांची रांगोळी उंबऱ्यापुढे भरगच्च दिसते. तेच २१ ठिपके चाळीच्या अख्ख्या चौकात पसरा, मोर काढलाय की कमळ, कुणाला कळायचं नाही! बॅनरवाले याला सरळ म्हणतात, "फोटो फाटतोय."

फाटू नये म्हणून किती दाट हवेत चौकोन? हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला ३००, असा हिशेब असतो. चार इंचांना १२००, सहा इंचांना १८००. तुमच्या फोनमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त आहेत. पण काकूंनी तो फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, की वाटेत त्याला कात्री लागते आणि साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. फोर बाय सिक्सला ते चालून जाईल. दहा बाय बाराची फ्रेम करायला गेलात, तर इंचाला जेमतेम १३३ उरतात, आणि आजी धुक्यात बसल्यासारखी दिसते. म्हणून स्टुडिओवाले दादा सांगतात, "फोटो डॉक्युमेंट करून पाठव." त्यांचं ऐका. काही हुशार मंडळी कॉम्प्युटरवर फाईलमधला ७२ हा आकडा खोडून तिथे ३०० लिहितात आणि खूश होतात. नुसती पाटी बदलली, चौकोन होते तेवढेच! कॉम्प्युटर नवे चौकोन भरूनही देतो, पण ते अंदाजपंचे असतात. आजीच्या गालावर नसलेला तीळसुद्धा उगवू शकतो.

आता ३०० च का, २०० का नाही? एक प्रयोग करू. कागदावर काळ्या पेनाने दोन बारीक रेघा ओढा, मध्ये बरोबर १ मिलिमीटर जागा सोडा. कागद चाळीच्या गॅलरीत भिंतीला चिकटवा आणि मागे मागे चालत जा. (मागे कुणाची बादली नाही ना, ते बघून.) चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण साडेतीन मीटरवर दोन्ही रेघांची मिळून एकच रेघ दिसायला लागते. डोळ्याची ताकद तिथे संपली. अंतर जितकं कमी, तितकी बारीक फट दिसते. हातातला फोटो डोळ्यापासून ३० सेंटिमीटरवर असतो. तिथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही थोडी बारीक फट ओळखू येते. एका इंचात अशा फटी बसतात जवळजवळ ३००.

चला, आता नाक्यावर. बॅनर रस्त्यापलीकडून, समजा १० मीटरवरून बघताय. तिथून ३ मिलिमीटरहून लहान ठिपके डोळ्याला वेगळे दिसतच नाहीत. दहा फूट म्हणजे सुमारे ३०५० मिलिमीटर. भागिले तीन. किती आले? साधारण एक हजार! आजीच्या चार इंचांना १२००, बाप्पाच्या दहा फुटांना हजार. बॅनरवाला याहून जास्त मागतो तेही बरोबरच, कारण बॅनरखाली उभं राहून सेल्फी काढणारेही असतातच की. पुढच्या वेळी तुम्हीच बॅनरला नाक लावून बघा. बाप्पाच्या सोंडेत ठिपकेच ठिपके.

डोळ्याला असं गंडवणं कॉम्प्युटरच्या फार आधीचं आहे. दादर पूर्वेला दादासाहेब फाळके मार्ग आहे ना? १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा सिनेमा गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात दाखवणारे तेच फाळके. पण सिनेमाच्या आधी ते छपाईच्या धंद्यात होते, फोटोंचे ब्लॉक बनवायचे. रंगीत छपाई शिकायला १९०९ साली थेट जर्मनीला जाऊन आले! त्या काळच्या ब्लॉकवाल्यांपुढे मोठा पेच असायचा. छापखान्यात शाई काळी. फोटोत मात्र करड्या रंगाच्या शंभर छटा. करडी शाई आणायची कुठून? मग ते कॅमेऱ्याच्या आत बारीक उभ्या-आडव्या रेघांची काच बसवायचे आणि त्या काचेतून फोटोचा फोटो काढायचे. सगळं चित्र ठिपक्यांत मोडायचं: अंधाराच्या जागी जाडे ठिपके, उजेडाच्या जागी टीचभर. शाई एकच, पण लांबून बघणाऱ्याला करडा रंग दिसायचा. आजही चांगल्या मासिकात इंचाला ठिपक्यांच्या साधारण १५० ओळी असतात. त्याच्या दुप्पट पिक्सेल द्यावेत, अशी छापखान्यांची रीत. झाले की नाही पुन्हा ३००?

एक भानगड राहिली. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत तुम्ही ढोलपथकाचा आडवा फोटो काढलात. ध्वजाच्या टोकापासून पायातल्या चपलांपर्यंत सगळं बसवलंत. छापून आला तर ध्वजाचं टोक गायब आणि चपलाही! पिक्सेल पुरेसे होते, पण आकार जुळला नाही. फोनचा फोटो चारास तीन या मापाचा, फोर बाय सिक्सचा कागद मात्र तिनास दोनचा. सहा इंच रुंदी भरली की उंची होते साडेचार इंच. जास्तीचा अर्धा इंच जाणार कुठे? कापला जातो. तेव्हा काढतानाच वर-खाली मोकळी जागा ठेवा, नाहीतर स्टुडिओत सांगा, "न कापता द्या, बाजूला पांढरी पट्टी चालेल."

आणि घरातलं भिंग मिळालं, तर ते आधी कॅलेंडरवरच्या चित्रावर धरा. निळसर, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके झिम्मा खेळताना दिसतील. मग लॅबमधून धुऊन आणलेल्या आजीच्या फोटोवर धरा. शोधा, शोधा. तिथे असा एकही ठिपका सापडायचा नाही, कारण त्या कागदावर शाई लागलेलीच नसते. लॅबचं मशीन लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने कागदावर चित्र उमटवतं आणि मग कागद रसायनात बुडवून काढतं. रंग कागदाच्या आतच तयार होतो.