वर्षानं परत बोलावणारा सर्जन

साताऱ्याच्या एका वाचकांनी विचारलंय : ७१ वर्षांची आई न्हाणीघरात घसरली, दंडाचं हाड खांद्यापाशी मोडलं. पहिले डॉक्टर म्हणाले, प्लेट टाकू. दुसरे म्हणाले, कापाकापी कशाला, हात झोळीत ठेवा आणि दुखणं कमी झालं की व्यायाम सुरू करा. दोघंही नावाजलेले. मग विज्ञान कुणाच्या बाजूनं?

पेशंट न पाहता सल्ला देणारे व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर आहेत, त्यात माझी भर नको. पण जवळपास हाच प्रश्न ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांनी २५० रुग्णांना घेऊन तपासला आहे. सगळ्यांचं हाड खांद्यापाशी मोडून जागचं सरकलेलं. कुणाला भूल द्यायची आणि कुणाचा हात नुसता झोळीत ठेवायचा, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं संगणकानं ठरवलं. अमर रंगन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ‘जामा’ या नियतकालिकात निकाल छापला. रुग्णांना दिलेल्या प्रश्नपत्रिकेत ४८ पैकी गुण होते. दोन वर्षांची सरासरी काढली, तर शस्त्रक्रिया झालेल्यांना ३९.०७ आणि न झालेल्यांना ३८.३२. या पाऊण गुणाला काही अर्थ नाही. (सांधाही निखळलेले, किंवा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही असं सर्जनला वाटलं, असे रुग्ण या चाचणीत नव्हते. त्यामुळे झोळीच्या विजयाचे फटाके कुणी वाजवू नयेत. पण ‘माझ्या आईला प्लेट कशासाठी?’ असं विचारायला या आकड्यांचा आधार नक्की घ्यावा.)

मला निकालापेक्षा ती प्रश्नपत्रिका जास्त आवडते. १२ प्रश्न, सगळे रुग्णाला विचारायचे. कपडे स्वतःचे स्वतः घालता येतात का? केस विंचरता येतात का? एकट्यानं बाजारहाट जमते का? रात्री खांदा ठणकून झोपमोड होते का? एक्स-रेबद्दल अवाक्षर नाही.

हाडाच्या शस्त्रक्रियेचा निकाल कित्येक दशकं एक्स-रेवरच लागत आला. तुकडे रेषेत बसले, स्क्रू घट्ट आहेत, झालं काम. नव्या डांबरी रस्त्याची परीक्षा फीत कापायच्या दिवशी घेतली, तर आपल्याकडे एकही कंत्राटदार नापास व्हायचा नाही. रस्ता कळतो पहिल्या पावसाळ्यानंतर, आणि तोही त्यावरून रोज दुचाकी हाकणाऱ्याला.

‘पावसाळ्यानंतर या’ असं शंभर वर्षांपूर्वी हट्टानं सांगणारा एक सर्जन बॉस्टनमध्ये होता. अर्नेस्ट एमरी कॉडमन (१८६९-१९४०). इथून पुढे हा लेख थोडा त्याच्याकडे झुकणार आहे, इलाज नाही.

हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना कॉडमन आणि त्याचा दोस्त हार्वे कुशिंग यांना रुग्णांना ईथर हुंगवायचं काम असे. भूल देणं तेव्हा रामभरोसे चाले, माणसं टेबलावर दगावत. दोघांनी जेवणाची पैज लावली : कुणाचे रुग्ण जास्त सुखरूप उठतात बघू. पैजेचा निवाडा करायचा तर नोंद हवी, म्हणून दोघं रुग्णाची नाडी आणि श्वास कागदावर टिपायला लागले. भूलतज्ज्ञ आजही असा तक्ता भरतात, त्याचा उगम या पैजेत आहे. कुशिंग पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा महर्षी झाला. कॉडमनला मात्र नोंदीचं वेडच लागलं.

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यानं प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवायला सुरुवात केली. तक्रार काय होती, केलं काय, आणि वर्षानं माणूस कसा आहे? बरा नसेल तर का नाही? चूक निदानाची, हाताची, साधनांची, की रोगच तसा? सहकाऱ्यांना हे कार्ड म्हणजे चोरानं स्वतःच पंचनामा लिहून देण्यासारखं वाटलं. बढत्या ज्येष्ठतेनं मिळायच्या, निकाल कुणी मागतच नव्हतं. १९१४ मध्ये कॉडमननं निषेधाचा राजीनामा दिला, आणि लगेच प्रमुख सर्जनच्या जागेसाठी अर्ज केला. कारण? माझे निकाल इतरांपेक्षा चांगले आहेत. अर्थातच नेमणूक झाली नाही.

जानेवारी १९१५ मध्ये शहरातल्या डॉक्टरांच्या सभेत त्यानं एका भल्यामोठ्या व्यंगचित्रावरचा पडदा सारला. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी घालतोय आणि डॉक्टर ती गोळा करतायत. शहामृग म्हणजे शहरातली श्रीमंत जनता. मागे रुग्णालयाचे विश्वस्त विचारात पडलेत की खरे निकाल कळले, तर पक्षी अंडी घालील का? सभेत गदारोळ झाला. कॉडमनला स्थानिक वैद्यक मंडळाचं पद सोडावं लागलं, हार्वर्डमधली नोकरी गेली. व्यावहारिक शहाणपण या गृहस्थाकडे औषधालाही नव्हतं, हेही मान्य करायला हवं. पण १९११ ते १९१६ या काळात स्वतःच्या छोट्या रुग्णालयातल्या ३३७ रुग्णांचा हिशेब छापून, त्यात स्वतःच्या १२३ चुका मोजून दाखवणारा दुसरा सर्जन मला माहीत नाही.

त्याच्या प्रयत्नांतून अमेरिकन सर्जनांच्या संघटनेनं रुग्णालयांची पाहणी हाती घेतली. १०० पेक्षा जास्त खाटांच्या ६९२ रुग्णालयांपैकी किमान निकषांना उतरली फक्त ८९. नापासांत नामांकित रुग्णालयं होती. १९१९ मध्ये ती यादी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलच्या भट्टीत घालून जाळण्यात आली!

आणि कॉडमनचा खास प्रांत कुठला, तर खांदा. १९३४ च्या त्याच्या ‘द शोल्डर’ या ग्रंथात दंडाच्या हाडाचं वरचं टोक मोडताना त्याचे चार तुकडे कसे होतात ते आहे. आजचं वर्गीकरण त्यावरच उभं आहे. पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि हळूहळू झुलवायचा, हा फिजिओथेरपीतला व्यायामही त्याच्याच नावानं ओळखतात.

अलीकडे हाडांच्या शस्त्रक्रियेत मोठ्या चाचण्या झाल्या आणि बऱ्याचदा स्वस्त उपायच टिकला. हाड कातडी फाडून बाहेर आलं की जखम धुवावी लागते. दाबानं पाणी मारणारी बंदूक घ्या, साबणाचं द्रावण वापरा, असा आग्रह होता. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या पुढाकारानं पाच देशांत, भारतातही, अडीच हजारांवर रुग्णांत ते तपासलं गेलं. २०१५ चा निकाल : दाबानं काही फरक पडत नाही. साबण वापरलेल्या १४.८ टक्के रुग्णांना वर्षभरात पुन्हा शस्त्रक्रिया लागली, साध्या सलाइनवाल्या ११.६ टक्क्यांना. उंच टांगलेली सलाइनची बाटली तालुक्याच्या रुग्णालयातही असते. शस्त्रक्रिया करणाऱ्या रोबोच्या जाहिरातीसाठी अख्खं पान असतं, या बातमीला चौकटही मिळाली नाही.

त्याहून अस्वस्थ करणारा अभ्यास २००२ चा आहे. अमेरिकेतल्या आठ ट्रॉमा केंद्रांत पाय चेंदामेंदा होऊन आलेले ५६९ रुग्ण. काहींचा पाय कापला, काहींचा अनेक शस्त्रक्रिया करून वाचवला. दोन वर्षांनी दोन्ही गटांची अवस्था सारखीच. कापलेल्यांपैकी ५३ टक्के कामावर परतले होते, वाचवलेल्यांपैकी ४९.४ टक्के. मग दोन वर्षांनी कोण जास्त अपंग होतं? गरीब, कमी शिकलेले, खासगी विमा नसलेले, धूम्रपान करणारे, पाठीशी कुणी नसलेले आणि आपल्याच्यानं होईल असा भरवसा नसलेले. ही यादी वाचल्यावर कुठला स्क्रू टायटॅनियमचा आणि कुठला स्टीलचा, या चर्चेत मला फारसा रस उरत नाही.

कॉडमनच्या कार्डाचं मोठं रूप ब्रिटनमध्ये पाहायला मिळतं. तिथं २००७ पासून खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांची राष्ट्रीय नोंदवही आहे. शस्त्रक्रिया ३६ तासांत झाली का, वृद्धांचे तज्ज्ञ डॉक्टर येऊन पाहून गेले का, सगळं त्यात येतं. २०१० पासून हे निकष पाळणाऱ्या रुग्णालयाला सरकार जादा पैसे देऊ लागलं. इंग्लंडमध्ये अशा रुग्णांपैकी महिन्याभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण २००७ मध्ये १०.९ टक्के होतं, २०११ मध्ये ८.५ टक्के झालं. नवा स्क्रू नाही की नवं औषध नाही. नोंदवहीतले आकडे रुग्णालयाच्या नावानिशी प्रसिद्ध होतात, आणि कुठलंही रुग्णालय कुणालाही घरबसल्या तपासता येतं.