परवान्यावरचं दुकान

मुंबईच्या मनिऑर्डरीवर कोकण जगलं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. केप टाऊनच्या पैशाची गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते. रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातलं कर्जी, शेजारच्या तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातलं मोर्बे अशा गावांतले कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आफ्रिकेच्या पार दक्षिण टोकाला जाऊ लागले. ते गिरमिटिये नव्हते. १८६० ते १९११ या काळात दीड लाखावर मजूर तिथल्या नाताळ वसाहतीत करारावर नेले गेले. ही माणसं मात्र पदरच्या पैशाने तिकीट काढून गेली. तिथे पोचल्यावर कुणी आधी दुसऱ्याच्या दुकानात राबलं, कुणी फेरी केली. चार पैसे गाठीला लागले की कोपऱ्यावरचं एखादं दुकान भाड्याने घ्यायचं.

डिस्ट्रिक्ट सिक्स ही केप टाऊनमधली, गोदी आणि कारखान्यांत राबणाऱ्यांची दाट वस्ती. तिथल्या गिऱ्हाइकाला पोतंभर साखर नको असे, आजच्या चहापुरती हवी असे. कोकणी दुकानदार ती पुडीत बांधून देई. चहा, पाव, रॉकेल, साबण, सगळं थोडं थोडं आणि बरंचसं वहीवर. पगार झाला की उधारी चुकती व्हायची. घर बहुधा दुकानाच्या मागे किंवा माडीवर, त्यामुळे दार ठोठावलं की दुकान उघडं. मराठीचीच एक बोली घरात बोलणारा हा माणूस गल्ल्यावर आफ्रिकान्स शिकला.

त्याच शहरात गार्लिक आणि स्टटाफर्ड ही मोठी डिपार्टमेंटल स्टोअर्स होती. तीही इंग्लंडहून आलेल्या माणसांनी काढलेली, म्हणजे तेही परदेशातून आलेलेच. पण त्यांच्याकडे कुणी परवाना मागितला नाही.

कोकण्याचं सगळं आयुष्य मात्र त्या परवान्यावर टांगलेलं. केप वसाहतीच्या १९०२ च्या कायद्याने नव्या माणसाला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता येणं सक्तीचं केलं. मराठी, उर्दू, गुजराती यांना तिथे किंमत नव्हती. १९०६ च्या कायद्यानंतर गावी जायचं तर फोटो आणि अंगठ्याचा ठसा असलेला रजेचा परवाना घ्यावा लागे. त्यावर परतीची मुदत असे. ती टळली की वर्षानुवर्षं चालवलेल्या दुकानाची वाट बंद होऊ शके. म्हणून भाऊ, चुलते, भाचे पाळीपाळीने गल्ला सांभाळत. लग्न गावात, बायको गावात, संसार टपालातून. मला विचाराल तर त्या दुकानातला सर्वांत मौल्यवान माल फळीवर नव्हता, तो ट्रंकेत घडी घालून ठेवलेला कागद होता. केपमधल्या हिंदी लोकांची संख्या १९०४ मध्ये दहा हजारांच्या आसपास होती, १९११ मध्ये ती साडेसहा हजारांवर आली. कायद्यांनी आपलं काम चोख केलं.

पुढे तर गंमतच झाली, अर्थात कडू. स्टटाफर्ड घराण्यातले रिचर्ड स्टटाफर्ड दक्षिण आफ्रिकेचे गृहमंत्री झाले आणि १९३९ मध्ये त्यांनी योजना मांडली, की एखाद्या भागातल्या बहुसंख्य मालकांनी ठरवलं तर तिथे बिगरगोऱ्यांना जागा मिळू नये. विरोध मोठा झाला. पण ती कल्पना मेली नाही. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने ती अधिक कठोर रूपात अमलात आणली. १९५३ मध्ये स्थलांतर कायद्यात झालेल्या दुरुस्तीने हिंदुस्थानातून बायको आणण्याचा मार्गही बंद केला. तोवर कोकणात सोयरीक जुळवणाऱ्या घरांना आता नवरी केपमध्येच शोधावी लागणार होती.

११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला. साठ हजारांवर माणसं हलवली गेली, घरं बुलडोझरने पाडली. हिंदी कुटुंबांच्या वाट्याला रायलंड्ससारख्या वसाहती आल्या. तिथे दुकान पुन्हा मांडता आलं, पण ओळखीची गिऱ्हाइकं आणि वहीतली उधारी शहरभर पांगली होती. माझ्या मते कोकणी दुकानदाराचं सर्वांत मोठं नुकसान हेच, आणि त्याची भरपाई कुठल्या सरकारी हिशेबात बसत नाही.

१९९४ पासून तिथे एका जुन्या चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय आहे. परवान्यांच्या फायलीही केप टाऊनच्या अभिलेखागारात आहेत. आपल्याकडची बाजू मात्र अजून घरोघरच्या ट्रंकांतच आहे. खेड, चिपळूण, दापोलीकडच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी असा फोटो-ठशाचा कागद किंवा केपहून आलेली पत्रं असतील, तर रद्दीत घालू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यातली नावं विचारून मागच्या बाजूला लिहून ठेवा.