प्रवाळांची थंड हवामानातील वाहतूक

जिवंत प्रवाळांचे निवह (वसाहती) किंवा त्यांचे तुकडे थंड प्रदेशातून अथवा थंड ऋतूत दूर अंतरावर सुखरूप नेण्याच्या पद्धतींचा विचार या विषयात होतो. मत्स्यालये, प्राणिसंग्रहालये, संशोधनशाळा आणि प्रवाळभित्तींचे पुनरुज्जीवन करणाऱ्या संस्था यांना अशी वाहतूक करावी लागते. पाण्यात मुळात असलेली उष्णता टिकवून धरणे व बाहेरून उष्णता केवळ घट भरून काढण्यापुरतीच पुरविणे, हे या वाहतुकीचे मूलतत्त्व होय.

तापमानाचा परिणाम : भित्ती निर्माण करणारे प्रवाळ सामान्यतः १८° ते ३०° से. तापमानाच्या समुद्रात वाढतात. त्यांच्या ऊतकांत (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहांत) झूझँथेली ही सूक्ष्म शैवले सहजीवी म्हणून राहतात. तापमान फार उतरल्यास शैवलांचे प्रकाशसंश्लेषण बिघडते, पॉलिप आक्रसतात व श्लेष्म स्रवू लागतो. त्यानंतर शैवले बाहेर टाकली जाऊन प्रवाळ पांढरा पडतो किंवा ऊतक सांगाड्यापासून सुटते. ही लक्षणे कधीकधी काही दिवसांनी दिसतात; त्यामुळे पिशवीतून बाहेर काढताना चांगला दिसणारा निवहही पुढे मरू शकतो.

निसर्गातही थंडीचा हा परिणाम दिसून आला आहे. जानेवारी १९७७ मध्ये फ्लॉरिडाजवळील ड्राय टॉर्टुगास बेटांभोवतीचे पाणी १४° से.पर्यंत थंड झाले आणि तेथील उथळ पाण्यातील सांबरशिंगी प्रवाळांचा फार मोठ्या प्रमाणावर नाश झाला. जानेवारी २०१० मधील थंडीच्या लाटेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यालगतच्या भित्तींवरील पाणी कित्येक दिवस १६° से.पेक्षा थंड राहिले व प्रवाळांची पुन्हा मोठी हानी झाली. तापमान थोडे व सावकाश उतरल्यास मात्र अपाय होत नाही. उलट, २२°–२४° से.च्या सुमारास श्वसन मंद होऊन ऑक्सिजन अधिक काळ पुरतो.

बांधणी : ताजा कापलेला तुकडा पुष्कळ श्लेष्म सोडतो व पाणी दूषित करतो, म्हणून जखम पूर्ण भरल्यावरच तो पाठवितात. पाठविण्यापूर्वी एक दिवस खाद्य देत नाहीत. मोठ्या पॉलिपांच्या जातींचे फुगलेले ऊतक सांगाड्याच्या कडांवर घासून फाटते, म्हणून पॉलिप आक्रसू देऊन मगच त्यांना पिशवीत ठेवतात. तुकडा फेसयुक्त प्लॅस्टिकच्या तरंगत्या चकतीला अडकवून पाण्यात उलटा टांगल्यास त्याचा पिशवीशी संपर्क टळतो. प्रत्येक तुकड्यास स्वतंत्र, दुहेरी पॉलिएथिलीन पिशवी देतात; नाहीतर एकाच्या दंशकोशिकांमुळे दुसऱ्यास इजा होते. अंधारात शैवले ऑक्सिजन निर्माण करीत नाहीत, उलट तो वापरतात. म्हणून पाण्यावरील जागेत शुद्ध ऑक्सिजन भरतात.

ओलसर वेष्टनात गुंडाळून, जवळजवळ पाण्याविना प्रवाळ नेण्याची एक पद्धत आहे. तीत वजन व खर्च वाचतो. परंतु पाण्याचा उष्णतासाठा नसल्यामुळे थंड हवेत ती धोक्याची ठरते.

उष्णतेचा हिशेब : १ लि. समुद्राचे पाणी १° से.ने थंड होताना सु. ४ किलोज्यूल उष्णता सोडते. आतून ४० × ३० × २५ सेंमी. मापाची थर्मोकोलची (फेसयुक्त पॉलिस्टायरिनाची) पेटी घेतली, तिच्यात २५° से. तापमानाचे ८ लि. पाणी ठेवले व बाहेरची हवा ५° से. असली, तर भिंत २·५ सेंमी. जाड असताना पाणी प्रारंभी ताशी सु. १·५° से.ने व ५ सेंमी. जाड असताना ताशी सु. ०·८° से.ने थंड होते. अंदाजी हिशेबाने २४ तासांनंतर ही तापमाने अनुक्रमे सु. ८° व सु. १२° से. होतात. यावरून जाड भिंतीचे महत्त्व जसे दिसते, तसेच दीर्घ प्रवासास केवळ भिंत पुरत नाही हेही दिसते. पेटीतील रिकाम्या जागेत २५° से. तापमानाच्या पाण्याच्या बंद बाटल्या ठेवल्यास उष्णतासाठा वाढतो आणि पिशव्याही हलत नाहीत.

पूरक उष्णता : यासाठी लोहाची पूड, मीठ, सक्रियित कार्बन इ. घटक असलेल्या पुड्या वापरतात. हवा लागताच लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन दर ग्रॅम लोहामागे सु. ७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ६० ग्रॅ. लोह ४० तासांत गंजले, तर सरासरी सु. ३ वॉट शक्ती मिळते. वरील जाड भिंतीच्या पेटीत अशा दोन पुड्या असल्यास २४ तासांनंतर पाणी सु. २२° से. राहू शकते, पातळ भिंतीच्या पेटीत मात्र तेवढ्याच पुड्या असूनही ते सु. १५° से.पर्यंत उतरते. म्हणजे पुडीने भिंतीची उणीव भरून निघत नाही.

६० ग्रॅ. लोहास सु. २० लि. ऑक्सिजन, म्हणजे जवळजवळ ९५ लि. हवा लागते. वरील पेटीची एकूण धारकता केवळ ३० लि. आहे. म्हणून पूर्ण हवाबंद पेटीत पुडी लवकरच विझते. यासाठी पुडी झाकणाच्या आतील बाजूस बसवून तिच्याजवळ लहान छिद्रे ठेवतात व तिच्यावर चिकटपट्टी पूर्ण गुंडाळत नाहीत. पुडी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशव्यांपासून दूर ठेवतात. तिचा थेट स्पर्श झालेल्या पिशवीतील पाणी घातक प्रमाणात तापते. पेटी उबदार गोदामात अडकून पडली, तर याच दोन पुड्यांमुळे पाणी ताशी अर्ध्या अंशाहून अधिक तापू शकते. प्रवाळांना ३०° से.वरील पाणी थंडीइतकेच घातक असल्याने जादा पुड्या घालणे योग्य नव्हे.

वेळेचे नियोजन : पेटी किती वेळ व किती थंड हवेत राहील यावर बांधणी ठरते. निघण्याचे ठिकाण, मधले विमानतळ व पोहोचण्याचे ठिकाण या सर्वांचे किमान तापमान आधी पाहावे लागते. विमानापेक्षा धावपट्टीलगतच्या उघड्या फलाटावरील प्रतीक्षा अनेकदा अधिक हानिकारक असते. सुटीत पेटी अडकू नये म्हणून ती आठवड्याच्या प्रारंभी पाठवितात व दारी पोहोचविण्याऐवजी विमानतळावरूनच उतरवून घेतात. कडाक्याच्या थंडीत पाठवणी पुढे ढकलणे हाच उत्तम उपाय होय.

पोहोचल्यानंतर : थंड झालेला प्रवाळ एकदम उबदार पाण्यात टाकू नये. बंद पिशवी मंद प्रकाशात टाकीतील पाण्यावर तरंगत ठेवून तापमान सावकाश वाढवितात. प्रवासात साठलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडामुळे पाण्याचे पीएच मूल्य उतरलेले असते. पिशवी उघडताच तो निघून जातो, पीएच मूल्य वाढते आणि साचलेला अमोनिया अधिक विषारी होतो. म्हणून पिशवी उघडल्यावर फार वेळ न घालविता प्रवाळ नव्या पाण्यात हलवितात. पिशवीतील पाणी टाकीत ओतत नाहीत.

महत्त्व व निर्बंध : मायामीजवळ २०१४ मध्ये कठीण प्रवाळांचे ऊतक नष्ट करणारा रोग आढळला व तो फ्लॉरिडाच्या भित्तीवर पसरला. त्यामुळे २०१८ पासून निरोगी निवह उचलून कोलोरॅडो, आयोवा यांसारख्या समुद्रापासून दूर व कडक हिवाळ्याच्या राज्यांतील संस्थांतही सांभाळण्यासाठी नेण्यात आले. २०१९ मध्ये फ्लॉरिडातील एका मत्स्यालयात स्तंभ प्रवाळाचे प्रजनन घडवून आणण्यात यश आले. समुद्रात जवळजवळ नाहीशा झालेल्या अशा जातीच्या बाबतीत एका पेटीतील हानी ही आनुवंशिक वैविध्याची न भरून येणारी हानी ठरते.

सर्व कठीण प्रवाळ १९९० पासून संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यामुळे निर्यातीस परवाना लागतो. भारतात २००१ मध्ये भित्ती निर्माण करणारे सर्व प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. परवानगीने केलेल्या स्थलांतराचे महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे २०२० मध्ये किनारी रस्त्याच्या बांधकामासाठी मुंबईतील वरळी व हाजी अली येथून हलविलेले निवह होत. तेथे अंतर थोडे व हवा उबदार असल्याने उष्णतारक्षणाचा प्रश्न नव्हता. परंतु ऊतकास धक्का न लावणे, पाणी स्वच्छ ठेवणे व वेळ वाचविणे हे नियम सर्वत्र सारखेच लागू पडतात.