भाड्याचे घर आणि मुका सोबती

खाली दुकान, मधल्या मजल्यावर मालकाचे बिऱ्हाड आणि वर भाड्याच्या खोल्या, अशी घरे तालुक्याच्या बाजारपेठेत बहुधा आढळतात. बदलीवर आलेला बँक कर्मचारी वा शिक्षक घर पाहावयास येतो. भाडे पटते, अनामत ठरते. परंतु सोबत कुत्रा आहे हे कळताच बोलणे थांबते. लहान गावात भाड्याची घरे मोजकीच असतात. मग तो प्राणी एक तर लपवून आणला जातो, नाही तर जुन्या गावी रस्त्यावर सोडला जातो. पाळीव प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सकारण नसता टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये गुन्हा आहे.

गृहनिर्माण संस्थांनी प्राणी पाळण्यास सरसकट बंदी घालू नये, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली सूचित केले. मात्र स्वतंत्र घराच्या बाबतीत मालक व भाडेकरू यांच्या कराराला मोठे महत्त्व आहे.

जैन घरमालकाची खरी शंका बहुधा आहाराविषयी असते. ती अनाठायी नाही. पशुवैद्याच्या सल्ल्याने आखलेल्या समतोल शाकाहारावर कुत्रा निरोगी राहू शकतो. केवळ दूध-पोळी पुरेशी नव्हे. मांजराची गोष्ट निराळी. टॉरिन हे त्याला अत्यावश्यक असलेले द्रव्य निसर्गतः मांसाहारातूनच मिळते. म्हणून हा प्रश्न आरंभीच स्पष्टपणे विचारावा. उत्तर न पटल्यास सौजन्याने नकार द्यावा. आज दिलेला नकार सहा महिन्यांनी घर रिकामे करावयास लावण्यापेक्षा बरा.

होकार असल्यास तो लेखी असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी मालकाची आहे. त्याच करारात प्राण्याची जात व संख्या, दरवर्षीची रेबीज लस, जिन्यात गळपट्टा व साखळी, गच्चीची स्वच्छता, घरात चालणारा आहार आणि नुकसानीची अनामतीतून भरपाई ही कलमे घालावीत. भाडेकरूनेही लसीकरणाचे पुस्तक आपण होऊन दाखवावे.

व्यापारी कुटुंबांना लेखी व्यवहाराचे मोल सांगावयास नको. चार ओळींच्या स्पष्टतेने मालकाचे घर आणि आचार सुरक्षित राहतात, आणि एक मुका जीव बेघर होण्यापासून वाचतो. जीवदयेचा असा सोपा प्रसंग दारी आला असता तो दवडू नये.