पाव थेंब, एक वीत

1999 सालचा मे महिना. आमची मारुती 800 पुण्याहून साताऱ्याकडे निघाली होती. खंबाटकी घाटात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडी कडेला घेतली आणि आम्हा सगळ्यांना पुढे वाकून मीटरकडे बघायला लावलं. मीटरवर 99,999 होतं. मग दुसऱ्या गिअरमध्ये त्यांनी गाडी हळूहळू पुढे काढली. पाचही नऊ एकदम हलले, वर सरकले आणि त्यांच्या जागी पाच शून्यं आली. मीटरला घरंच पाच होती. आई म्हणाली, "झाली की परत नवी!" अण्णांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून वही काढली, तारीख टाकली आणि लिहिलं: 1,00,000.

ती वही आज माझ्याकडे आहे. 1988 साली गाडी घरी आली त्या दिवसापासून भरलेल्या प्रत्येक लिटर पेट्रोलची नोंद तिच्यात आहे. सरासरी निघते लिटरला 18 किलोमीटर. गाड्यांचं वेड मला त्या वहीनंच लावलं. पुढे आयुष्यात बऱ्याच गाड्या चालवल्या, पण आकडेमोड करायला बसलो की मी अजून तिथूनच सुरुवात करतो.

मारुतीचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. पिस्टनचा व्यास 68.5 मिलिमीटर आणि त्याची वरखाली धाव 72 मिलिमीटर. म्हणजे पिस्टनचं सगळं आयुष्य चार बोटं रुंदीच्या जागेत जातं. टॉप गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी होतात, घाटात आणि गावात वाढतात. सरासरी किलोमीटरला 3,000 फेरे धरू. एका फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली, म्हणजे 144 मिलिमीटर चालतो. गाडी एक किलोमीटर गेली की पिस्टन त्या डब्यातल्या डब्यात 432 मीटर चाललेला असतो. लाख किलोमीटरला होतात 43,200 किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर आहे 40,075 किलोमीटर. खंबाटकीत मीटर शून्यावर आला तेव्हा आमच्या गाडीचा प्रत्येक पिस्टन, आपली 72 मिलिमीटरची जागा न सोडता, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून वर तीन हजार किलोमीटर चाललेला होता. हा हिशेब मी पहिल्यांदा केला त्या रात्री मला झोप आली नव्हती.

आता स्फोट मोजू. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. तीन सिलिंडरचे मिळून किलोमीटरला 4,500 स्फोट होतात. अठराच्या सरासरीनं एका किलोमीटरला साधारण 55 मिलिलिटर पेट्रोल लागतं. भागाकार केला की एका स्फोटाच्या वाट्याला येतं 0.012 मिलिलिटर. ड्रॉपरमधून पडणारा थेंब 0.05 मिलिलिटरचा असतो, त्याचा हा जेमतेम पाव भाग. आणि 1,000 मीटरला 4,500 नं भागलं तर उत्तर येतं 22 सेंटिमीटर, म्हणजे एक वीत. साडेसहाशे किलोची गाडी, आत चार माणसं, टपावर कॅरिअरला बांधलेली वळकटी आणि आंब्याची पेटी, एवढा सगळा संसार पाव थेंब पेट्रोल एक वीत पुढे ढकलतं. मग पुढचा पाव थेंब, पुढची वीत. साठच्या वेगाला हे एका सेकंदात 75 वेळा होतं.

स्फोटाच्या क्षणी आतला वायू 2,000 अंशांच्या वर तापतो. पिस्टन असतो ॲल्युमिनियमचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण ती धग क्षणभराची असते; लगेच ताजी गार हवा आत येते, आणि मधल्या काळात रिंगा, ऑइल आणि सिलिंडरच्या भिंतीमागचं पाणी उष्णता ओढून नेतात. कूलंट आणि ऑइल याबाबत मी घरात सगळ्यांच्या मागे लागतो, ते यासाठीच. ऑइल वेळेवर न बदलणाऱ्या माणसाला गाडीची आवड आहे असं मी मानत नाही.

मारुतीच्या आधी मला माहीत होती ती फियाट. आमच्या घरी तिला कुणी प्रीमियर पद्मिनी म्हटलंच नाही. दादरच्या मामांची होती. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी आणि पुढची सीट सोफ्यासारखी सलग. तिचं इंजिन 1,089 सीसीचं, चार सिलिंडरचं. पिस्टनचा व्यास 68 मिलिमीटर, धाव 75. हे आकडे मारुतीच्या आकड्यांशेजारी मांडून बघा. सिलिंडर जवळपास त्याच मापाचा. मारुतीनं त्यातला एक कमी केला, गाडीचं वजन पाव टनानं उतरवलं आणि ताकद तरी तेवढीच, चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, राखली. भारतातल्या मोटारींचा एका पिढीतला बदल मला या दोन ओळींत दिसतो. बसायला मात्र फियाटच चांगली होती, हे माझं मत कुणी बदलू शकलेलं नाही.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या फियाटी मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी झाल्या. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा 20 वर्षं. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला नोंदली गेली, आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेरीला तिची वीस वर्षं भरली. अशी टॅक्सी दिवसाला 100 किलोमीटर आणि वर्षाचे 300 दिवस चालली असं धरलं तर वीस वर्षांत 6 लाख किलोमीटर होतात. चंद्र आहे 3,84,400 किलोमीटरवर. म्हणजे ती टॅक्सी चंद्रावर पोहोचून अर्ध्याहून जास्त परतीच्या वाटेला लागलेली असते. किलोमीटरला 5,000 स्फोट धरले तर आयुष्यभरात 300 कोटी होतात. माणसाचं हृदय मिनिटाला 70 ठोक्यांनी 80 वर्षं चाललं तर ठोके भरतात 294 कोटी. टॅक्सीचं इंजिन मधे दोनचारदा खोललं जातं, बोअर होतं, रिंगा बदलतात, हे खरं. पण गिरणगावातल्या एखाद्या साध्या गॅरेजात बसून मिस्त्री हे काम करत होते, हेही तितकंच खरं आहे.

तरुण मुलं मला बुगाटीबद्दल विचारतात. बुगाटी वेरॉन 2005 साली आली: सोळा सिलिंडर, चार टर्बो, दहा रेडिएटर, 1,001 हॉर्सपॉवर आणि ताशी 407 किलोमीटर वेग. इंजिन 7,993 सीसी, म्हणजे जवळजवळ दहा मारुती एकत्र बांधल्यासारखं. पूर्ण वेगानं पळवली तर 100 लिटरची टाकी 12 मिनिटांत रिकामी होते. त्या वेळात गाडी जाते 81 किलोमीटर. तेच 100 लिटर अण्णांच्या वहीप्रमाणे 1,800 किलोमीटर पुरतात. पुण्याहून दिल्ली गाठून वर साडेतीनशे किलोमीटर उरतात. वेरॉन म्हणजे इंजिनियरांचा पराक्रम आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण अशा गाड्या झाल्या 450. मारुती 800 झाल्या सुमारे 28.7 लाख. एका वेरॉनमागे सहा हजारांहून जास्त.

नॅनोबद्दल एवढंच सांगतो. पुण्यात आखलेली, 624 सीसीची ती गाडी 10 जानेवारी 2008 ला लोकांसमोर आली. तिच्या चाकाला चाराऐवजी तीन नट होते. गाडीमागे चार नट वाचतात. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांसाठी बांधलेला, म्हणजे वर्षाला दहा लाख नटांची बचत. एवढा बारीक विचार करून बनवलेल्या गाडीला आपण नीट वागवलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

एकाच गाडीनं किती चालावं याचा विक्रम अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन या शिक्षकाचा. त्यांनी 1966 साली व्होल्व्हो पी 1800 घेतली आणि 2013 साली तिचे 30 लाख मैल पुरे केले. म्हणजे 48 लाख किलोमीटर, चंद्राच्या सहा खेपा जाऊन येऊन. पण मला त्याहून थक्क करते ती आपल्या साध्या गाड्यांची बेरीज. पहिल्या मारुतीची किल्ली 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, शेवटची गाडी जानेवारी 2014 मध्ये बाहेर पडली. प्रत्येक गाडी फक्त एक लाख किलोमीटर चालली असं धरा. एकूण होतात 28,700 कोटी किलोमीटर. 1977 साली निघालेलं व्हॉयेजर 1 यान आज सुमारे 2,500 कोटी किलोमीटरवर आहे. आपली मारुतींची बेरीज त्याच्या अकरा पटींहून जास्त. एवढं अंतर कापायला प्रकाशालासुद्धा 11 दिवस लागतील. हे अंतर आपण शाळेत मुलांना सोडायला, बाळंतिणीला आणायला आणि जेजुरी-गाणगापूर करायला जाऊन कापलं आहे.

याच वहीतून दुसराही हिशेब निघतो, तो टाळणं मला पटत नाही. आमच्या गाडीनं साधारण 9,000 लिटर पेट्रोल जाळलं. लिटरमागे साधारण 9,000 लिटर हवा लागते आणि 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे आमच्या एका छोट्या गाडीनं वीस टनांहून जास्त वायू हवेत सोडला, स्वतःच्या वजनाच्या 32 पट. इलेक्ट्रिक गाड्यांना नावं ठेवणाऱ्या माझ्या मित्रांना मी हा आकडा दाखवतो.

गाडी आम्ही 2009 साली भंगारात दिली. त्या दिवशी अण्णा अंगणात आले, दार उघडून आत बसले आणि मीटर वाचून वहीत शेवटची ओळ लिहिली: 1,62,418. तुमच्याही दारात एखादी जुनी गाडी जायच्या वाटेवर असेल, तर किल्ली देऊन टाकण्याआधी तिच्या मीटरवरचा आकडा तेवढा लिहून ठेवा.